उजव्या पायाची नाल

त्या दिवशी आखाडा बाळापूरच्या बाजारामागच्या मोकळ्या जागेत भाजीपेक्षा गुडघेच जास्त जमले होते. कुणी काठी टेकत आलेलं, कुणी नातवाच्या खांद्यावर हात ठेवून, एका आजोबांना तर चौघांनी बाजेवर उचलून आणलेलं. रांग पाराला वळसा घालून थेट रस्त्याला लागली होती. नांदेडकडे जाणारे ट्रक हॉर्न वाजवून वाजवून दमले होते.

रांगेच्या तोंडाशी मैना उभी होती. पांढरी घोडी, गळ्यात झेंडूची माळ, कपाळावर हळदीचा मळवट आणि पुढच्या उजव्या पायाला बांधलेलं लाल फडकं. शेजारी तिचा मालक संतराम लगाम धरून उभा. आणि दोघांच्या पुढं, हातात माईक घेऊन, हरीशजी.

हा मनुष्य चाळिशीचा. पांढरा झब्बा, गळ्यात रुद्राक्षाची माळ आणि त्याच माळेला अडकवलेला स्टेथोस्कोप. देव आणि दवाखाना दोन्ही एकाच दोऱ्यात.

"मी डॉक्टर नाही!" तो ओरडला. "डॉक्टर डिग्रीवाला असतो, मी फ्रीक्वेन्सीवाला आहे! बोला, ही घोडी दोन वर्षं लंगडत होती की नाही?"

"व्हती!" गर्दी म्हणाली.

"आज लंगडते का?"

"न्हाई!"

"इंजेक्शन दिलं? गोळी दिली? काही नाही! दुखणं डाव्या पायात, आणि मी नाल ठोकली उजव्या पायाला. डाव्याची खराब ऊर्जा उजवा ओढतो आणि जमिनीत सोडून देतो. तुमच्या घरात अर्थिंग असतं की नाही?"

"असतं!"

"मग घोडीत का नको?"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्लीत निम्म्या घरांना अर्थिंग नाही, मिक्सरला हात लावला की झटका बसतो. पण घोडीला अर्थिंग हवं, हे सगळ्यांना एकदम पटलं.

"आणि आता ही साधी घोडी राहिली नाही," हरीशजी आवाज खाली आणून म्हणाला. "हिच्यातून ऊर्जा वाहते. हिच्या पाठीवर बसून दोन फेऱ्या मारा. गुडघ्याचं दुखणं घोडीतून, घोडीचं नालेतून, नालेचं मातीत. मी पैसे घेत नाही. फक्त जाताना तेलाची बाटली घेऊन जा."

द्वारकाबाई, म्हणजे आमचं कुटुंब, रांगेत सतरावी होती. मी तिला समजवायला गेलो.

"चल घरी. घोडीवर बसून गुडघे बरे होत असते, तर सगळे नवरदेव म्हातारपणी पळाले असते."

"तुमी गप बसा," ती म्हणाली. "बेचाळीस वर्षं तुमचं ऐकलं. गुडघ्यानं कवा ऐकलं काय?"

मागच्या बाया हसल्या. मी बाजूला झालो.

तिची पाळी आली. मागच्या दोघींनी तिला वर चढवलं. मैनेनं दोन फेऱ्या मारल्या. मान सरळ, टापा सारख्या, कुठं झोल नाही. द्वारकाबाई उतरली, काठीशिवाय चार पावलं चालली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "हलकं वाटून राहिलं बघा."

  गुडघ्याचं मी समजू शकत होतो. माणूस आशेवर चार पावलं चालतो, मीही चाललो आहे. पण घोडीला आशा काय कळणार? ती दोन वर्षं लंगडत होती हे मी या डोळ्यांनी बघितलं होतं. आणि ती आता लंगडत नव्हती, हेही त्याच डोळ्यांनी बघत होतो.

मैनेचं दुखणं सुरू झालं त्याची गोष्ट आधी सांगायला हवी, कारण तिथंच आम्ही सगळे पहिल्यांदा चुकलो.

संतरामचा धंदा वरातीचा. बाळापूर, कळमनुरी, वसमत, कुठंही नवरदेव निघाला की खाली मैना असायची. दोन वर्षांपूर्वीच्या लग्नसराईत ती चालताना मान खालीवर करू लागली. मान वर, मान खाली, मान वर, मान खाली. पुढं बँड वाजत असायचा. लोक म्हणाले, घोडी ताल धरून राहिली! मान डोलावणारी घोडी म्हणून तिचं नाव झालं. नवरदेवाचे मित्र बँडवाल्याला सांगायचे, ठेका वाढव, घोडी नाचते. संतरामलाही वाटलं, आपली मैना हुशार निघाली. त्यानं तिला जास्तीचा गूळ चारला.

ती नाचत नव्हती. डाव्या पायात कळ येत होती. दुखरा पाय जमिनीला टेकला की घोडं मान वर उचलतं, म्हणजे त्या पायावरचा भार कमी होतो, आणि चांगला पाय टेकला की मान खाली सोडतं. एवढं साधं. पण एक अख्खी लग्नसराई आम्ही तिच्या कळवळण्यावर नाचलो. त्या नाचणाऱ्यांत माझा पुतण्याही होता आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत मी.

वसमतला एका वरातीत ती गुडघ्यावर पडली, तेव्हा कुठं कळलं. जनावरांचे डॉक्टर धम्मदीप माझे जुने विद्यार्थी. त्यांनी पाय तपासला, एक्स-रे फोटो काढून आणवला आणि संतरामला सांगितलं, "खुराच्या आतल्या हाडाचं जुनं दुखणं आहे. सहा महिने पूर्ण आराम, खूर नीट कापून घ्यायचे, मापाची नाल. दुखणं कमी होईल. पण पाठीवर माणूस आता नको."

संतरामनं मान हलवली आणि ते ऐकलं नाही. ऐकवलं नाही त्याला. जो माणूस "पूर्ण बरी करतो" म्हणेल, त्याची तो वाट बघत राहिला. आणि तसा माणूस आला.

माझ्या ओसरीवर रोज चार वाजल्यानंतर दहा-बारा लेकरं येतात. शिकवणी नाही. आम्ही मोजतो. प्रत्येकाकडे एक मोजवही असते आणि त्यात रोज एका गोष्टीचं माप लिहायचं. कुणी शेवग्याची शेंग मोजतं, कुणी सावली, पुनम नावाची एक वात्रट पोरगी आजोबांच्या घोरण्याचे सेकंद मोजते. निवृत्त झाल्यावर मला हेच एक काम उरलं आहे आणि मला दुसरं नको आहे.

संतरामची पल्लवी पाचवीत. बोलायला कमी. तिनं आपल्या वहीसाठी मैनेची पावलं निवडली होती. घराच्या फाटकापासून हाळापर्यंत, म्हणजे जनावरं पाणी पितात त्या हौदापर्यंत, रोज तीच मैनेला नेते. डावा पुढचा पाय किती वेळा पडला ते मोजायचं आणि लिहायचं.

बाजाराच्या दुसऱ्या दिवशी तिनं वही माझ्यापुढं ठेवली.

"गुरुजी, माझं काहीतरी चुकून राहिलं."

"काय चुकलं?"

"आधी सेहेचाळीस यायचे. सत्तेचाळीस, पंचेचाळीस, असंच. नाल ठोकल्यापासून त्रेसष्ट येऊन राहिलेत. काल पासष्ट आले. म्या दोनदा मोजले."

मी वही हातात घेतली. अक्षर सुबक, आकडे एकाखाली एक.

"फाटक तेच, हाळ तोच?"

"तोच की. हाळ कुठं जाईल?"

"मग पावलं वाढली म्हणजे काय झालं?"

तिनं बोटानं जमिनीवर रेघ ओढली, तिच्यावर खुणा केल्या. जरा वेळ बघत बसली.

"पाऊल बारीक झालं," ती हळूच म्हणाली. "पर गुरुजी, बरी झाली तर पाऊल मोठं व्हायला पाहिजे ना? बरी होऊन बारीक काहून टाकून राहिली?"

मी पन्नासेक वर्षं शाळेत घालवली, थोडी शिकत, बरीचशी शिकवत. इतका सरळ प्रश्न फार कमी वेळा ऐकला. मी सगळ्या घोडीकडे बघत होतो, ही पोर एका पायाकडे बघत होती.

"अजून काही दिसलं का तुला?"

"आधी उभी असली की डावा पाय पुढं टाकायची. आता डावा उचलते, मग उजवा उचलते, मग डावा. जमीन तापल्यावानी. अन् दुपारच्याला आडवी पडून राहते. आई म्हन्ती, ऊर्जा जिरून राहिली."

मी लेकरांनाच कामाला लावलं. म्हटलं, अंगणातला एक बारका खडा घ्या, एका चपलेत टाका आणि चाला. सगळी ओरडत, हसत, लंगडत फिरली. माना खालीवर. "मैना! मैना!" असं एकमेकांना चिडवू लागली.

तेवढ्यात पुनमचा आवाज आला. "गुरुजी, मी बघा! मी न्हाई लंगडत!"

ती खरंच सरळ चालत होती. हळू, पण सरळ.

"खडा काढलास ना, लबाड?"

"न्हाई हो. दुसऱ्या चपलेत बी टाकला."

 मग एकेकानं दुसरा खडा शोधला आणि दुसऱ्या चपलेत टाकला. दहा-बारा लेकरं, दोन्ही पायांखाली खडे, बारीक बारीक पावलं टाकत, तोंडं वाकडी करत, पण एकही लंगडत नव्हतं.

माणूस लंगडतो कारण एक पाय दुखतो आणि एक दुखत नाही. तो दुखरा पाय वाचवतो. दोन्ही सारखे दुखायला लागले की वाचवायचा कुठला? मग चाल सारखी होते.

पल्लवी चपला हातात घेऊन उभी होती. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं. "त्यानं दुसऱ्या पायाखाली काय घातलं, गुरुजी?" ती म्हणाली आणि रडायला लागली.

त्याच दिवशी गावात भोंगा फिरला. येत्या रविवारी महाउपचार. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत मैना शंभर रुग्णांना फेऱ्या देणार.

मी धम्मदीप डॉक्टरांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"तुम्ही म्हणता तसं असेल, तर शंभर माणसं म्हणजे तिचा शेवट आहे, सर. दोन्ही पुढचे पाय गेलेलं घोडं एकदा बसलं की उठत नाही. पण मालकाच्या होकाराशिवाय मी नालेला हात लावू शकत नाही. तक्रार करतो. तिच्यावर कुणी येईपर्यंत रविवार निघून जाईल."

मी संतरामकडे गेलो. त्यानं चहा दिला, खड्याची गोष्ट नीट ऐकून घेतली.

"तुमचं बराबर असंल, गुरुजी. न्हाई म्हणत न्हाई."

"मग उघडून बघू. अर्ध्या तासाचं काम."

"न्हाई."

"काहून न्हाई?"

त्यानं आत पाहिलं, पल्लवी जवळ नाही याची खात्री केली आणि खालच्या आवाजात बोलला. "महाराजांनी नाल ठोकतानीच सांगितलं. एकवीस दिवसांच्या आत नाल हलली, तर दुखणं घरातल्या सगळ्यात धाकट्या जिवाच्या पायात जातं. धाकटं कोण हाय माझ्या घरात? तुमचा खडा खरा असंलही. पर खोटा निघाला तर? पोरीच्या पायावर पैज लावू काय मी?"

 हरीशजीला घोड्यांचं काही कळत असेल-नसेल, बापाच्या काळजाचं बरोबर कळत होतं. त्यानं नाल घोडीच्या खुराला ठोकली होती आणि खिळा संतरामच्या छातीत.

रविवारी नऊ वाजता मी धम्मदीपना घेऊन मैदानावर गेलो. त्यांनी हत्यारांची पिशवी गाडीतच ठेवली. लेकरं माझ्यामागं होती. रांग बाजाराच्या दिवसाच्या तिप्पट. मैना घामानं भिजलेली होती आणि अजून एकही माणूस तिच्यावर बसला नव्हता.

मी माईक मागितला. हरीशजीला वाटलं, द्वारकाबाईच्या गुडघ्यांबद्दल आभार मानायला आलो.

"या गुरुजी, या! अनुभव सांगा!"

"अनुभवच दाखवतो," मी म्हटलं. "आमच्या लेकरांनाही पायदुखी झाली आहे."

लेकरं एका चपलेत खडा घेऊन लंगडत पुढं आली. लोक हसले. मग मी म्हटलं, "आता यांना मी बरं करतो," आणि प्रत्येकानं दुसऱ्या चपलेत खडा टाकला. लेकरं परत चालली. सरळ.

"लंगडतात का?"

"न्हाई!" गर्दी सवयीनं ओरडली.

"मग बरी झाली ना?"

यावर कुणी ओरडलं नाही. अमृतराव नावाचा शेतकरी आईला घेऊन रांगेत पहिला उभा होता. तो म्हणाला, "बरी कशाची, गुरुजी? आता दोनी पाय दुखून राहिले त्यांचे."

"तेच म्हणायचं आहे मला, अमृतराव. मैनेची नाल काढून खाली बघू. काही नसलं तर मी सगळ्यांसमोर माफी मागेन आणि गुपचूप रांगेत उभा राहीन."

हरीशजीनं माईक ओढून घेतला. त्याचा आवाज बदलला.

"काढा! खुशाल काढा! पण संतरामला विचारा, काय होईल ते. धाकट्या जिवाचा पाय जाईल. जन्माचा. मग हे मास्तर पाय देणार आहेत का त्या पोरीला?"

सगळं मैदान वळून पल्लवीकडे बघू लागलं. पाचशे माणसं एका पोरीच्या पायांकडे. मला तिला तिथं आणल्याचा पश्चात्ताप झाला.

पल्लवी बापाजवळ गेली. आवाज बारीक होता, पण माईक जवळ असल्यानं सगळ्यांना ऐकू गेला.

"बाबा, दुखणं जायचं तर माझ्याच पायात जाणार ना?"

"तू गप बस, बाई."

"मग मला इचारा की. माझी हरकत न्हाई. काढा."

संतरामनं लगाम अजून घट्ट धरला.  तो न्हाई म्हणणार होता. तेवढ्यात त्याची बायको चांगुणा गर्दीतून पुढं आली. तिनं कुणाशी वाद घातला नाही. ती खाली बसली आणि मैनेच्या उजव्या खुराला हात लावला. लगेच मागं घेतला.

"अवो, इकडं या," ती नवऱ्याला म्हणाली. "हात लावून बघा. तव्यावानी तापलंय. ऊर्जा न्हाई वो ही. ताप हाय. लेकराला ताप आल्यावर लागतं तसंच लागून राहिलं हाताला."

संतराम वाकला. त्यानं खुरावर तळहात ठेवला आणि ठेवूनच राहिला. मैनेनं मान वळवून त्याच्या पाठीवर टेकवली. दोन वर्षं मी त्याला कारणं सांगत होतो, डॉक्टर फोटो दाखवत होते, पण पटलं ते त्याच्या तळहाताला. तो उठला आणि लगाम धम्मदीपच्या हातात दिला.

धम्मदीपनी पिशवी मागवली. पाय आपल्या गुडघ्यांत धरला, लाल फडकं सोडलं, एकेक खिळा सैल केला. नाल निघाली. तिच्याखाली चामड्याचा तुकडा होता. तो सांडशीनं ओढला आणि खाली, खुराच्या मऊ तळव्यात रुतलेला, हरभऱ्याएवढा लोखंडी छर्रा दिसला. सायकलच्या चाकात असतो तसा. भोवती काळं रक्त साकळलं होतं.

"हे अर्थिंग," धम्मदीप म्हणाले आणि छर्रा तळहातावर ठेवून सगळ्यांना दाखवला.

मला वाटलं, संपलं. पण खरी अडचण पुढं होती.

संतरामनं मैनेला चार पावलं चालवलं. आता उजव्या तळव्यातली टोचणी कमी झाली होती आणि डाव्या पायातलं जुनं दुखणं होतं तिथंच होतं. मैना लंगडली. मान वर, मान खाली.

"बघा!" मागून कुणीतरी ओरडलं. "नाल काढली अन् लंगडली!"

"सांगितलं होतं!" हरीशजीनं ते वाक्य झेललं. "चांगली चालती घोडी बिघडवली यांनी! तो छर्रा मंत्रवलेला होता!"

गर्दीत कुजबुज सुरू झाली. धम्मदीप हाडाबद्दल सांगत होते, ते कुणी ऐकत नव्हतं. छर्रा डोळ्यांनी बघितला होता लोकांनी, पण लंगडणंही डोळ्यांनीच बघत होते, आणि लंगडणं छऱ्यापेक्षा मोठं होतं. एवढ्या वर्षांच्या शिकवण्यानंतर मला एक वाक्य सुचेना.

सुचलं ते द्वारकाबाईला. ती काठी टेकत आली, डॉक्टरांच्या हातातून छर्रा उचलला आणि हरीशजीपुढं धरला.

"महाराज, मंत्रवलेला हाय म्हन्ता ना? मग घाला तुमच्या चपलेत अन् मारा दोन फेऱ्या. मी पाठीवर बसते."

आधी अमृतराव हसला. मग त्याची म्हातारी आई. मग सगळं मैदान. हरीशजी "अपमान", "शास्त्र", "परिणाम भोगाल" असं काहीबाही बोलत राहिला, पण हसणाऱ्या माणसांपुढं असली भाषा टिकत नाही. गर्दी तेलाच्या खोक्यांभोवती जमली तेवढ्यात तो मोटरसायकलवर बसून निघून गेला.

 घरी येऊन ओसरीवर बसल्यावर द्वारकाबाई म्हणाली, "त्या दिवशी मी तिच्यावर बसले व्हते. मला हलकं वाटलं, अन् तिला?" त्या दिवशी ती जेवली नाही.

पुढचं सांगतो. तक्रार दिली आहे. तो मनुष्य अजून सापडलेला नाही. सिद्धेश्वर धरणाच्या बाजूला कुणीतरी बैलांच्या खांद्यांवर तांब्याच्या पट्ट्या बांधून राहिलं आहे असं ऐकतो. तोच असेल, नसेलही. मैनेचा उजवा तळवा महिन्याभरात भरून आला. डावा भरणार नाही. धम्मदीपनी सांगितलेला आराम आता सुरू झाला आहे, दोन वर्षं उशिरा. ती पुन्हा नवरदेव नेणार नाही. संतराम दुसऱ्याच्या टेम्पोवर कामाला जातो.

पण मला लिहायला बसवलं ते एका वेगळ्याच दिवसानं.

नाल काढल्यानंतर आठव्या दिवशी पल्लवी शाळेतून लंगडत आली. अर्ध्या तासात गल्लीभर झालं. मी पोचलो तेव्हा दारात तीन बाया लिंबू-नारळ घेऊन उभ्या होत्या. संतराम उंबऱ्यावर बसला होता, पोरीचा पाय मांडीवर, चेहरा राखेसारखा. हाच माणूस, ज्यानं छर्रा आपल्या डोळ्यांनी बघितला होता.

मी चष्मा लावला, सुई मागून घेतली. टाचेत काळा ठिपका होता. दोन मिनिटांत बाभळीचा काटा निघाला. मी तो सगळ्या बायांना दाखवला, संतरामच्या हातावर ठेवला. पल्लवी उठली, दोन उड्या मारल्या आणि मैनेला पाणी दाखवायला गेली.

संतराम काट्याकडे बघत होता. मग त्यानं मला विचारलं, "गुरुजी, हा काटाच हाय ना?"

मी हसलो नाही. हसण्यासारखं काही नव्हतं. म्हटलं, "काटाच हाय, संतराम. आणि उद्या पुन्हा भीती वाटली तर पुन्हा बोलव. पुन्हा बघू."

वाचणाऱ्या लेकरांना आणि त्यांच्या आईबापांना माझं सांगणं एवढंच. दुखणं दिसेनासं झालं म्हणजे गेलं असं समजू नका, मोजून बघा. एकदा नाही, रोज. जनावर बोलत नाही, त्याच्या अंगाला हात लावून बघा. ज्यानं खरंखुरं शिकून घेतलं आहे अशा डॉक्टरला विचारा, आणि तो "पूर्ण बरं होणार नाही" म्हणाला तरी त्याचंच ऐका. आणि जो कुणी तुम्हाला म्हणेल की हे उघडून बघू नका, बघितलंत तर तुमच्या लेकराचं वाईट होईल, त्याच्यासमोर, त्याच दिवशी, लेकराचा हात धरून ते उघडा.